वाचकांचे प्रश्न : डोनर गाडीचे इंजिन आपल्या गाडीत

जुन्या मारुती ८०० गाड्यांच्या देखभालीविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत : दमलेले इंजिन दुरुस्त करण्याऐवजी दुसऱ्या गाडीचे (तिला डोनर गाडी म्हणतात) चांगले इंजिन काढून आपल्या गाडीत बसवावे का, आणि ते घरी करता येईल का. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी तालुक्याच्या प्रत्येक गावात ती आजही दिसते आणि तिच्यावर जीव असलेली माणसेही भेटतात. म्हणून हे संपूर्ण सदर याच एका कामासाठी ठेवले आहे.

प्रश्न : वडिलांनी १९९७ साली घेतलेली कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या जुन्या यंत्रणेची) मारुती ८०० आमच्याकडे आहे. अलीकडे ती निळा धूर मारते आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते. गॅरेजवाल्यांनी बोअर करून (सिलिंडर आतून घासून मोठा करून) पिस्टन आणि रिंगा बदलाव्या लागतील असे सांगितले आहे. माझ्या मेहुण्यांच्या गावी, कराडजवळ, त्याच सालातली, त्याच मॉडेलची एक गाडी मागून ठोकर बसल्यामुळे वर्षभर उभी आहे. तिचे इंजिन उत्तम आहे असे ते म्हणतात. ती गाडी घेऊन तिचे इंजिन मी आणि माझा धाकटा भाऊ घरीच बसवू शकू का? दोघांनाही क्लच प्लेट बदलण्याइतपत काम येते. पोर्चमध्ये झोपाळ्याच्या कड्या आहेत, त्यांना चेनपुली अडकवून इंजिन उचलण्याचा विचार आहे.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण दोघे हे काम करू शकाल. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या आणि एकाच काळातल्या आहेत, ही आपल्या पत्रातली सर्वांत आश्वासक गोष्ट आहे. या गाडीचे एफ-८-बी इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे, ६८.५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७२ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल) असलेले साधे, आटोपशीर इंजिन आहे; बॉनेट काढल्यावर त्याच्या चारही बाजूंना हात पोहोचतो आणि त्यात घरी न समजण्यासारखे फारसे काही नाही. बोअर करायचे म्हटले की इंजिन उतरवावे तर लागतेच, शिवाय ब्लॉक लेथवाल्याकडे जातो, पिस्टनचे माप ठरते, क्रँकची तपासणी होते, आणि या साखळीतला एक जण जरी घाईचा निघाला तरी सगळा खर्च पाण्यात जातो. चालते इंजिन जसेच्या तसे उचलून बसवण्यात ही जोखीम नाही. मात्र ते चालते आहे, हे मेहुण्यांच्या शब्दावर न सोडता आपण स्वतः तपासले पाहिजे. जी गाडी वर्षभर उभी आहे तिचे इंजिन उत्तम ‘होते’, इतकेच आज कोणी सांगू शकते.

कराडला सकाळी लवकर जा आणि आपण पोहोचेपर्यंत कोणी गाडी सुरू करू नये, असे आधीच सांगून ठेवा. पोहोचल्यावर प्रथम रेडिएटरवर हात ठेवून तो गार असल्याची खात्री करा, कारण गरम इंजिन आपले बरेच दोष झाकून घेते. डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घ्या; ते दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे, आणि तेथूनच परत फिरायला हरकत नाही. रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटवर तेलाचा तवंग आहे का ते पाहा. वर्षभर उभे असलेले इंजिन एकदम सेल्फ मारून फिरवू नका. तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर स्वच्छ ऑइल सोडा, तासभर थांबा, मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा. ते कोठेही न अडता फिरले, की मगच नवे पेट्रोल आणि चार्ज केलेली बॅटरी जोडा. सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटाचा धूर सोडून द्या, तो आपणच सोडलेल्या ऑइलचा असतो. पाच मिनिटांनंतरही निळा धूर येत राहिला, किंवा ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर तेथून धाप लागल्यासारखा वारा येऊ लागला, तर ते इंजिन आपल्या इंजिनाचेच भावंड आहे असे समजावे.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, पाहा. गेज अनेक गॅरेजांत असतो आणि विकत घेतला तरी फार महाग नाही. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर सुटी करा, एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि दुसऱ्याने गेज लावून सेल्फवर इंजिन चार-पाच फेरे फिरवावे. अशा इंजिनासाठी माझा नियम असा, की कोणत्याही सिलिंडरचा आकडा चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या खाली नको आणि तिघांमधला फरक एक किलोपेक्षा अधिक नको. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. तो तेथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट गळत आहे. व्हॉल्व्हचा दोष हेड उतरवून दुरुस्त होतो, रिंगांचा दोष असेल तर मात्र आपण आज ज्या जागी आहात त्याच जागी परत याल.

इंजिन पसंत पडले तर माझा आग्रह आहे, की केवळ इंजिन न आणता संपूर्ण गाडी टेम्पोत घालून साताऱ्याला आणा. या कामात माणसे अडतात ती इंजिनापाशी क्वचितच, ती अडतात दहा रुपयांच्या वस्तूंपाशी. सायलेन्सरच्या फ्लँजचा गंजलेला स्टड मोडतो, हीटरच्या होजला चीर सापडते, क्लच केबलचा ब्रॅकेट वाकलेला निघतो, अल्टरनेटरचा ताण देणारी पट्टी निराळ्या आकाराची असते. आणि ही प्रत्येक वस्तू शोधायला अर्धा दिवस जातो. डोनर गाडी शेजारी उभी असली की हात लांबवून ती वस्तू मिळते. त्याहून मोठा लाभ असा, की ती गाडी म्हणजे जोडलेल्या स्थितीतला नकाशाच असतो. कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूमच्या पातळ नळ्यांपैकी कोणती कोठे जाते, याविषयी दोघा भावांत मतभेद झाला तर पुस्तक उघडण्याआधी डोनर गाडीकडे पाहता येते. यासाठी तिच्या इंजिनाच्या जोडण्या सोडण्यापूर्वी मोबाइलवर भरपूर फोटो काढून ठेवा, आणि आपली गाडी पाचशे किलोमीटर नीट चालेपर्यंत डोनर गाडीतले काहीही भंगारात देऊ नका.

आता झोपाळ्याच्या कड्यांविषयी. कृपया तसे करू नका. झोपाळ्याचे वजन चार कड्यांवर वाटले जाते आणि त्या कड्या स्लॅबमध्ये किती आत, कशात गुंतवल्या आहेत, हे घर बांधणाऱ्या गवंड्याशिवाय कोणाला ठाऊक नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शंभर किलोच्या आसपास वजन धरून चालावे. ते एका कडीवर येते, शिवाय माउंटिंगमधून सुटताना इंजिन अडकते, आपण साखळी ओढत राहतो आणि ते एकदम सुटते, तेव्हा बसणारा हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. गॅरेजवाल्यांकडे चाकांची हायड्रॉलिक क्रेन असते. ती दोन दिवस भाड्याने आणा, दोनदा उचलायचे आहे हेही त्यांना सांगा. क्रेन मिळालीच नाही, तर जाड पाइपांची तिकाटी आणि किमान ५०० किलो क्षमतेची चेनपुली वापरता येते, पण तिकाटीचे पाय साखळीने एकमेकांना बांधलेच पाहिजेत. गाडी पुढून उचलल्यावर ती केवळ जॅकवर कधीही ठेवू नका, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावा आणि मागच्या चाकांना दगडाची उटी द्या. इंजिन हवेत लटकत असताना त्याच्याखाली हात, पाय किंवा डोके जाणार नाही, हा नियम कामाच्या आधी एकमेकांना मोठ्याने सांगा. काम रंगात आले की माणूस खाली पडलेला नट घ्यायला सहज वाकतो, आणि मला याच एका क्षणाची भीती वाटते.

उतरवण्याचा क्रम सोपा आहे. आदल्या रात्री सायलेन्सरच्या फ्लँजच्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग पॉझिटिव्ह. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारा म्हणजे परत बसवताना फट सारखी येते, आणि बॉनेट बाजूला ठेवा. कूलंट, इंजिनचे ऑइल आणि गिअरबॉक्सचे ऑइल वेगवेगळ्या डब्यांत काढा. रेडिएटर पूर्ण काढून ठेवा, कारण इंजिन वर येताना हमखास त्याच्याच जाळीवर आदळते. पेट्रोलचा पाइप सोडल्यावर त्याच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळा आणि त्या दिवशी पोर्चमध्ये कोणी विडी-सिगारेट ओढणार नाही, देवघरातली समईही लांब असेल, हे पाहा. ॲक्सिलरेटर, चोक, क्लच आणि स्पीडोमीटरच्या केबल, गिअरचा दांडा, सेल्फ आणि अल्टरनेटरच्या वायरी, रिव्हर्स लाइटची वायर, ऑइल आणि तापमानाच्या सेन्सरच्या वायरी, अशी एकेक जोडणी सोडताना दोन्ही टोकांना एकाच आकड्याची चिकटपट्टी लावा. ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर ओढले, की माउंटिंगचे बोल्ट तेवढे उरतात. इंजिन वर घेताना एकाने साखळी सांभाळावी आणि दुसऱ्याने फक्त पाहावे. जेथे साखळीला अनपेक्षित जोर लागतो तेथे एखादी विसरलेली वायर असते, असा माझा अनुभव आहे.

डोनर इंजिन जमिनीवर असताना काही गोष्टी बदलून घ्या, कारण पुढे त्यांच्यापर्यंत पोहोचायला पुन्हा हेच सगळे करावे लागेल. टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, क्रँकचे पुढचे आणि मागचे ऑइल सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, हेड कव्हरचे गास्केट, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे सर्व नवे घालावे, असे मी आग्रहाने सांगेन. माउंटिंगचे रबर चिरले असेल तर तेही. गिअरबॉक्स आपला चांगला असेल तर आपलाच ठेवा, त्याचे स्वभाव आपल्याला माहीत आहेत.

क्लच प्लेटविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या हातून झालेली सर्वांत खर्चिक चूक तेथलीच आहे. प्लेट फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यावर बसवावी लागते, तरच गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दातांतून सरळ आत जातो. पहिल्यांदा हे काम करताना मी प्लेट डोळ्यांच्या अंदाजाने बसवली. गिअरबॉक्स इंजिनाला टेकवला तर चारही बाजूंनी बोटभर फट राहिली. ती फट बोल्ट आवळून मिटवण्याचा प्रयत्न केला, आणि तिसऱ्या बोल्टला गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या कानाला तडा गेला. फट हाताने ढकलून मिटली पाहिजे. न मिटल्यास गिअरबॉक्स मागे घेऊन प्लेट पुन्हा मध्यावर आणावी. त्यासाठी प्लास्टिकची किंवा लाकडाची दांडी त्या मापाची तासून घेतली तरी पुरते. दोन गाड्या समोर असल्यामुळे आपल्याला ही चूक दुरुस्त करता येईल, तरी ती होऊ नये.

बसवून झाल्यावर लगेच चावी फिरवू नका. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, कूलंट भरून होज हाताने दाबत हवा काढा, मग कॉइलची वायर काढून सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत मारा. दिवा विझला की कॉइल जोडा. सुरू झाल्यावर टायमिंग लाइटने इग्निशन (ठिणगीची वेळ) जुळवा, पंखा आपोआप सुरू होईपर्यंत गाडीपाशीच थांबा आणि खाली पुठ्ठा टाकून ठेवा. त्यावर पडलेला थेंब कोणत्या जागी आहे यावरून गळती सापडते. पहिले पन्नास किलोमीटर घराजवळ फिरा, माउंटिंगचे बोल्ट पुन्हा पाहा, आणि पाचशे किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदला. मग खंबाटकी घाट चढायला हरकत नाही. काढलेले ऑइल आणि कूलंट गटारात किंवा परसात ओतू नका. कूलंट चवीला गोड लागतो, जनावरे तो चाटतात आणि तो विषारी असतो. दोन्ही डबे गॅरेजवाल्यांकडे द्या.

प्रश्न : इंजिन बदलले तर आरसी बुकातला इंजिन नंबर जुळणार नाही. आमच्या ओळखीचे लोक म्हणतात, की जुन्या गाडीचा नंबर कोण पाहतो. खरे काय आहे? आणि डोनर गाडीच्या कागदपत्रांचे काय करावे?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नंबर पाहिला जातो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना निरीक्षक चासी आणि इंजिन दोन्ही क्रमांक ताडून पाहतात, अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहतो, आणि गाडी विकताना जाणता ग्राहकही पाहतो. तेव्हा ‘कोण पाहतो’ या आधारावर हे काम करू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आणि नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीविना बदल झाला असेल, तर चौदा दिवसांच्या आत आरसी आणि ठरलेल्या शुल्कासह त्याची माहिती कळवणे मालकावर बंधनकारक आहे. या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून माझा सल्ला असा, की चौदा दिवसांची मुदत हाताशी आहे असे न समजता, पाना हातात घेण्यापूर्वीच आरटीओत लेखी अर्ज करावा. त्याच मेकचे, त्याच प्रकारचे, त्याच इंधनाचे इंजिन घालायचे आहे, हे अर्जात स्वच्छ लिहावे. अधिक ताकदीचे किंवा वेगळ्या इंधनाचे इंजिन हा पूर्णपणे निराळा विषय आहे आणि त्या वाटेला घरगुती कामात जाऊच नये.

डोनर गाडी घेताना तिचा इंजिन क्रमांक ब्लॉकवर स्वतः वाचा. तो मातीने आणि तेलाने झाकलेला असतो. तारेच्या ब्रशने आणि रॉकेलाच्या फडक्याने पुसून त्याचा फोटो काढा आणि आरसीतल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. क्रमांकावर घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील तर किंमत कितीही कमी असली तरी ते इंजिन घेऊ नका, कारण चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या गाडीत सापडले तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. सरकारी वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक घालून नोंदणीची आणि कर्जाची स्थिती पाहता येते. विकणाऱ्याकडून मालकाची सही असलेली पावती घ्या, तिच्यात गाडी क्रमांक, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक असे तिन्ही येऊ द्या, सोबत आरसीची आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडा. कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून सुटे इंजिन घेणाऱ्यांना हे कागद बहुधा मिळत नाहीत, आणि मी संपूर्ण गाडी घ्या असे सांगतो त्याचे हेही एक कारण आहे.

जी गाडी कायमची निकामी झाली तिची माहिती कलम ५५ नुसार मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. आता मोडीत काढण्यासाठी २०२१ च्या नियमांखाली नोंदणीकृत केंद्रेही आहेत. पण इंजिन काढून घेतलेला सांगाडा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कागदांसह द्यायचा, हे इंजिनाचा अर्ज करतानाच त्याच कार्यालयात विचारून घ्या. नोंदणी चालू असलेला आणि इंजिन नसलेला सांगाडा वर्षानुवर्षे अंगणात ठेवणे मूळ मालकाला पुढे त्रासाचे होते, आणि तो मालक बहुतेक वेळा आपला नातेवाईकच असतो. नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढला की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवरही दुरुस्ती करून घ्या. आपल्या गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी घ्यावी.

प्रश्न : माझ्या ८०० साठी मारुती ओम्नीचे इंजिन स्वस्तात मिळत आहे. दोन्ही इंजिने एकच आहेत असे सांगतात. बसवावे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही ७९६ सीसीची आणि एकाच एफ-८-बी कुटुंबातली आहेत, हे खरे. परंतु ८०० मध्ये इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली उभ्या दिशेने बसते आणि मागची चाके ढकलते. म्हणजे पोटातले नाते जवळचे असले तरी बाहेरची बैठक वेगळी. ऑइलचा संप (खालचे भांडे), मॅनिफोल्ड, माउंटिंगचे ब्रॅकेट आणि पाण्याचे पाइप एकेक करून जुळवावे लागतात, आणि असे अदलाबदलीचे काम ज्याने आधी केले आहे अशा मिस्त्रीच्या देखरेखीशिवाय ते करू नये. पहिल्यांदा काम करणाऱ्याने ८०० मध्ये ८०० चेच इंजिन घालावे. स्वस्ताईचा फायदा जुळवाजुळवीत निघून जातो.

प्रश्न : माझी गाडी १९९९ ची कार्ब्युरेटरवाली आहे. डोनर म्हणून २००४ ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी) ८०० मिळत आहे, तिचे इंजिन कमी चाललेले आहे. त्यामुळे मायलेजही सुधारेल असे वाटते.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपला हेतू समजतो, पण हे इंजिन म्हणजे केवळ लोखंडाचा ठोकळा नव्हे. त्याच्यामागे टाकीतला विजेचा पंप, जास्त दाबाची पेट्रोल लाइन, संगणक, अर्धा डझन सेन्सर आणि डॅशबोर्डखालून जाणारी संपूर्ण वायरिंग येते, आणि यातली एक जोडणी चुकली तरी इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन भरकटत चालते. पेट्रोलची जुनी रबरी नळी कार्ब्युरेटरच्या अल्प दाबासाठी असते. तिच्यावर इंजेक्शनचा दाब सोडला तर ती फुटून गरम सायलेन्सरवर पेट्रोल उडू शकते. याच एका कारणासाठी मी आपल्याला परावृत्त करीत आहे.

मात्र आपल्या पत्रात न विचारलेला एक पर्याय सुचवतो. २००४ ची ती गाडी चांगली असेल आणि तिची कागदपत्रे स्वच्छ असतील, तर तीच चालवा आणि १९९९ च्या गाडीसाठी कार्ब्युरेटरचे इंजिन शांतपणे शोधा. ज्यांच्याकडे दोन्ही गाड्या एमपीएफआय आहेत, त्यांनी इंजिन बदलताना आपल्या गाडीचा संगणक आणि आपलीच वायरिंग ठेवावी; चावी ओळखणारी यंत्रणा ज्या गाड्यांत असते तेथे चावी आणि संगणक यांची जोडी ठरलेली असते, आणि डोनर गाडीचा संगणक आपल्या चावीला दाद देत नाही.

प्रश्न : मिस्त्रींच्या मदतीने आम्ही गेल्या महिन्यात घरीच इंजिन बदलले. बसवताना सर्व जोडण्या फोटो पाहून केल्या. तरीही सेल्फ अगदी हळू फिरतो, जणू बॅटरी उतरली आहे. बॅटरी बदलली, सेल्फही डोनर गाडीचा लावून पाहिला, फरक नाही. काल चोकची केबल इतकी तापली, की तिच्या आवरणातून धूर आला. आम्ही घाबरून गाडी बंद ठेवली आहे.
(एक वाचिका, पुणे)

उत्तर : गाडी बंद ठेवलीत हे फार चांगले केले. आपले इंजिन बहुतेक ठीक आहे आणि सेल्फही ठीक आहे. दोष एका वायरचा असावा, आणि तो आपल्या केबलनेच दाखवून दिला आहे.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. रबर वीज वाहत नाही, म्हणून इंजिन आणि गाडीचे अंग यांना विजेच्या दृष्टीने जोडणारी एक जाड पट्टी, बहुतेक वेळा तांब्याच्या विणीची, गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनच्या एका बोल्टला आणि दुसऱ्या टोकाला बॉडीला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला लावलेली असते. बोलीभाषेत तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. उतरवताना ती एका बोल्टबरोबर सुटते आणि त्याच बोल्टच्या वॉशरखाली परत घालायची राहून जाते, कारण ती कोणत्याही उपकरणाला जोडलेली दिसत नाही आणि फोटोतही होजच्या मागे लपते. सेल्फला लागणारा प्रचंड प्रवाह मग परतीची वाट शोधतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी जी धातूची वस्तू सापडेल तिच्यातून जातो. आपल्याकडे ती वस्तू चोकची केबल ठरली. तिच्या बारीक तारेतून तो प्रवाह जाताना ती तापली, आणि सेल्फला पुरेसा प्रवाह न मिळाल्याने तो हळू फिरला. दोन्ही लक्षणे एकाच कारणाची आहेत.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडीखाली आणि गिअरबॉक्सभोवती ही पट्टी शोधा. ती लोंबत असेल, किंवा डोनर गाडीच्या सांगाड्याला लटकलेली राहिली असेल. दोन्ही टोके आणि ज्या जागी ती बसते तेथला रंग, गंज आणि तेल सॅंडपेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या, नवा स्प्रिंग वॉशर घाला आणि बोल्ट घट्ट आवळा. पट्टीच्या विणीतले धागे काळे पडून तुटले असतील तर तिच्याच जाडीची नवी बनवून घ्या, बारीक वायर लावू नका. मग एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने व्होल्टमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावी. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर जोडणी नीट झाली.

चोकची केबल मात्र आता बदलावीच लागेल, आणि तिच्याबरोबर ॲक्सिलरेटरची आणि क्लचचीही केबल बाहेर काढून हातात घेऊन पाहा. ज्या केबलमधून प्रवाह गेला तिचे आतले प्लास्टिक वितळून तार आवरणाला चिकटते. आज ती सरकते असे वाटले तरी ॲक्सिलरेटरची केबल दाबलेल्या स्थितीत अडकली तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. तिन्ही केबल डोनर गाडीत असतील. त्या काढा, एका टोकाने थोडे पातळ ऑइल सोडा, आणि बोटाने ओढून सोडल्यावर तार आपोआप, कोठेही न अडखळता परत जाते ना, एवढे पाहून मगच बसवा.